प्रत्यारोपणाच्या पेशंटला पट्टा देऊन परत पाठवू नका

तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या गावी प्रॅक्टिस करणाऱ्या सर्व सर्जन डॉक्टरांना,

स. न. वि. वि.

मी डॉक्टर नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं मेडिकल आहे. मी डी. फार्म. झालेली, काउंटरवर मीच असते. माझ्या यजमानांना मी किडनी दिली. पुढे त्यांच्या त्याच ऑपरेशनच्या व्रणातून हर्निया बाहेर आला आणि तो पुण्यात दुर्बिणीतून दुरुस्त झाला. त्यामुळे हा विषय मला घरातूनही माहीत आहे आणि दुकानातूनही. तुमच्या चिठ्ठ्या माझ्या हातात येतात, पेशंट जाता जाता दोन शब्द बोलून जातो, आणि त्यातून जे दिसतं ते तुमच्यापर्यंत पोचत नसावं, म्हणून हे पत्र.

व्रणाजवळ फुगवटा दिसायला लागला तेव्हा यजमानांना आमच्या भागात जे सांगितलं गेलं ते असं : ‘किडनी बसवलेली आहे, आता पोटाला हात लावायचा नाही. पट्टा वापरा, जड उचलू नका.’ नंतर हेच वाक्य मी दुसऱ्या पेशंटांकडूनही ऐकलं. कुणाची किडनी बदललेली, कुणाचं लिव्हर. सांगणाऱ्या डॉक्टरांबद्दल मला राग नाही. ज्या पोटात एवढ्या कष्टाने मिळालेला अवयव आहे तिथे सुरी लावायला कुणाचाही हात कचरणारच. पण ‘मी हात लावणार नाही’ आणि ‘कुणीच हात लावू नये’ यांत फार अंतर आहे. पहिलं म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. दुसरं ऐकून पेशंट घरी बसतो, हर्निया वाढत राहतो, आणि जो दुर्बिणीतून सहज झाला असता तो काही वर्षांनी कुठल्याच मार्गाने सोपा राहत नाही.

हे पत्र पेशंटही वाचतील, म्हणून तुम्हाला पाठ असलेलं थोडं इथे सांगते. नवी किडनी जुन्या किडनीच्या जागी बसवत नाहीत. ती खाली ओटीपोटात, बहुतेक वेळा उजवीकडे, पोटाच्या आतल्या पडद्याच्या बाहेर ठेवतात. तिच्या रक्तवाहिन्या पायाकडे जाणाऱ्या मोठ्या वाहिन्यांना जोडतात आणि मूत्रवाहिनी मूत्राशयाला. त्यासाठी कमरेच्या हाडाजवळून जांघेच्या वरपर्यंत वळणारा लांब छेद घेऊन स्नायूंचे थर उघडावे लागतात. लिव्हरचा छेद त्याहून मोठा. दोन्ही बरगड्यांच्या खालून आडवा आणि मधून वर जाणारा, त्याला मर्सिडीज छेद असंच नाव पडलंय. आता बरीच केंद्रं त्याऐवजी एका बाजूचा, काटकोनात वळणारा छेद घेतात, त्यात हर्निया कमी होतात असा अनुभव आहे. किडनीनंतर व्रणाचा हर्निया होणारे शंभरात थोडेच, एक आकडी संख्येत. लिव्हरनंतर मात्र केंद्राकेंद्रानुसार शंभरात पाचापासून तिसाच्याही पुढे गेलेले आकडे प्रसिद्ध आहेत.

छेद मोठा, हे एक कारण. दुसरं माझ्या फडताळात असतं : नवा अवयव शरीराने नाकारू नये म्हणून रोज घ्यायची औषधं. स्टिरॉइडने जखम हळू भरते. मायकोफिनोलेटही त्यात भर घालतं. सिरोलिमस आणि एव्हरोलिमस तर जखम भरण्याच्या बाबतीत बदनामच आहेत. टॅक्रोलिमस आणि स्टिरॉइड मिळून काहींना नव्याने साखर लावतात. शिवाय वजन. डायलिसिसवर असताना पाणी मोजून, भाजी उकळून पाणी टाकून खाल्लेला माणूस प्रत्यारोपणानंतर पहिल्यांदा पोटभर जेवतो. आमच्याकडे तर नातेवाइकांनी आळीपाळीने बोलावून पुरणपोळ्या घातल्या. स्टिरॉइडने भूक खवळलेली आणि वर हा आग्रह. कुणाला दोष द्यायचा?

आता मूळ मुद्दा. दुर्बिणीच्या ऑपरेशनाचा फायदा साध्या हर्नियाच्या पेशंटला होतो तो व्रण लहान, दुखणं कमी आणि लवकर कामावर, अशा हिशेबाने. तो सोयीचा प्रश्न आहे. प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबून ठेवलेल्या माणसाला तो सोयीचा राहत नाही. उघड्या ऑपरेशनात जुना व्रण पुन्हा पूर्ण उघडायचा, कातडी दोन्ही बाजूंना सोडवायची, खाली पोकळी राहते म्हणून पाणी काढणाऱ्या नळ्या, म्हणजे ड्रेन, ठेवायचे, आणि या सगळ्यात पोटाच्या भिंतीला आधार म्हणून एक परकी जाळी बसवायची. जखमेत पू झाला आणि तो जाळीपर्यंत गेला तर पुष्कळदा जाळी काढावी लागते, म्हणजे हर्निया परत जागेवर आणि मध्ये कित्येक आठवड्यांचं ड्रेसिंग. जंतू आवरण्यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी करावीत तर अवयव नाकारला जाण्याची भीती, न करावीत तर जंतू पसरण्याची.

दुर्बिणीतून करताना छिद्रं जुन्या व्रणापासून लांब, चांगल्या कातडीतून घेतात. जाळी आतून, हर्नियाच्या भोकाच्या कडेपलीकडे सगळीकडून चार-पाच सेंटिमीटर पुढे जाईल अशी लावतात. जुन्या व्रणाखाली बाहेरून न जाणवणारी आणखी छोटी भोकं असली तर तीही आतून दिसतात. आमच्या यजमानांच्या बाबतीत तसंच निघालं. बाहेरून हाताला एकच लागत होतं, आत शेजारी आणखी एक होतं. आणि ज्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही असा एक फायदा : पोट लवकर चालू होतं, त्यामुळे टॅक्रोलिमसची गोळी तोंडाने वेळेवर सुरू राहते. औषधाची पातळी खालीवर न होणं हे या माणसांच्या बाबतीत व्रणाच्या लांबीपेक्षा मोठं आहे.

मी इथे जाहिरात करायला बसलेली नाही, तेव्हा दुसरी बाजूही सांगते. या विषयावरचे अभ्यास बहुतेक एकेका केंद्राचे, जुन्या नोंदी चाळून केलेले आणि थोड्या पेशंटांवरचे आहेत. त्यांतून जखमेचा जंतुसंसर्ग कमी आणि मुक्काम कमी, एवढं बऱ्यापैकी एकसारखं दिसतं. हर्निया परत होण्याचं प्रमाण उघड्या ऑपरेशनपेक्षा नक्की कमीच आहे असं छातीठोक म्हणता येत नाही. फार मोठा हर्निया, ज्यात निम्मी आतडी बाहेरच राहायला गेली आहेत, किंवा वरची कातडी पातळ होऊन कुजायला आली आहे, तिथे दुर्बीण बाजूला ठेवून उघडून, स्नायूंचे थर मोकळे करूनच दुरुस्ती करावी लागते. आतडी व्रणाला घट्ट चिकटलेली असतील तर सुरुवात दुर्बिणीने आणि शेवट उघडून, असंही होतं. आम्हाला तशी कल्पना आधीच देऊन सही घेतली होती आणि ते मला बरोबर वाटलं.

यात धोकेही साधे नाहीत. किडनीच्या बाजूच्या हर्नियात खालच्या कडेला जाळी टाचायला जागाच नसते. तिथे नवी किडनी, तिची मूत्रवाहिनी, पायाच्या मोठ्या रक्तवाहिन्या आणि मांडीकडे जाणाऱ्या नसा. टाचणी चुकीच्या जागी बसली तर दिलेली किडनी जाऊ शकते. म्हणून आधी सीटी स्कॅन करून किडनी नेमकी कुठे आहे, मूत्रवाहिनी कुठून जाते ते बघतात, तेही शिरेतून द्यायचा डाय, ज्याने स्कॅन स्पष्ट दिसतो, तो द्यायचा की नाही हे नेफ्रॉलॉजिस्टला, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना, विचारून. लिव्हरवाल्यांच्या हर्नियाची वरची कड बरगड्यांना आणि छाती-पोटाच्या मधल्या पडद्याला भिडते. तिथे वर टाचण्या मारायच्या नाहीत, कारण पडद्यापलीकडे हृदय आहे आणि अशा टाचणीने हृदयाभोवती रक्त साठून पेशंट दगावल्याच्या नोंदी जगभरात आहेत. तिथे टाके घेतात किंवा जाळी मोकळी, नुसती पसरून ठेवतात. पोटात भरायच्या गॅसचंही तसंच. नेहमीचा दाब १२ ते १५ मिलिमीटर. त्याने किडनीचा रक्तपुरवठा तेवढ्या वेळापुरता कमी होतो आणि लघवी कमी पडते. दोन चांगल्या किडन्यांचा माणूस ते सहज सोसतो. एका उसन्या किडनीवर चाललेल्या माणसासाठी दाब शक्य तितका कमी ठेवतात आणि सलाइनचा हिशेब नीट सांभाळतात. म्हणजे हे काम ज्याला दुर्बिणीतून हर्निया दुरुस्त करता येतो आणि ज्याच्या शेजारच्या खोलीत प्रत्यारोपणाची टीम बसते, अशाच ठिकाणचं. तालुक्याला करा असं मी म्हणतच नाही.

मग ‘पोटाला हात लावायचा नाही’ हे कुठून आलं? प्रत्यारोपण करणाऱ्यांना दुर्बीण परकी नाही. १९९५ साली अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये डॉ. रॅटनर आणि डॉ. कव्हूसी यांनी जिवंत दात्याची किडनी पहिल्यांदा दुर्बिणीतून काढली. त्यानंतर ती पद्धत सगळीकडे रुळली आणि माझी किडनीही तशीच काढली. पोटावर छोटी छिद्रं आणि खाली, सिझेरियनच्या जागी, किडनी बाहेर येण्यापुरता एक छेद. यजमानांना मात्र नेहमीचा मोठा छेद होता. दोघं एकाच दिवशी आत गेलो आणि ते अजून बिछान्यात असताना मी वॉर्डात चालत होते. व्रणाच्या हर्नियाला दुर्बिणीतून जाळी लावण्याचे पहिले अनुभव अमेरिकेतल्या डॉ. कार्ल लेब्लांक यांनी १९९३ साली प्रसिद्ध केले. दोन्ही गोष्टींना तीस वर्षं होऊन गेली.

आणि आपल्याकडे तर लाजायचं काही कारणच नाही. भारतातला किडनी प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न १९६५ साली मुंबईच्या केईएममध्ये झाला. दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचं देशातलं पहिलं ऑपरेशन डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९९० साली जे.जे.मध्ये केलं. एक परळला, एक भायखळ्याला, दोन्ही गोरगरिबांची हॉस्पिटलं. तेव्हाही दुर्बीण हे खेळणं आहे, असं म्हणणारे मोठे सर्जन होतेच. आज त्यांच्याच शिष्यांच्या शिष्यांकडे तालुक्याला दुर्बिणीचा सेट आहे.

आता माझ्या दुकानाच्या बाजूचं. हे मी जरा विस्ताराने लिहिणार आहे, कारण इथे सर्जन, भूलतज्ज्ञ आणि वॉर्डातली सिस्टर या तिघांच्या मधून गोष्टी निसटतात.

‘उपाशी ठेवा’ असं सांगितलं की पेशंट सकाळची टॅक्रोलिमसही टाळतो. ती बहुतेकांना बारा-बारा तासांनी घ्यायची असते आणि ऑपरेशनच्या दिवशीही घोटभर पाण्याबरोबर घ्यायची की कशी, हे नेफ्रॉलॉजिस्टने आधी लिहून द्यायला हवं. वर्षानुवर्षं स्टिरॉइड घेणाऱ्याचं स्टिरॉइड एकदम बंद झालं तर ऑपरेशनात रक्तदाब कोसळू शकतो. उलट त्या दिवशी जादा डोस लागतो का, हे बघायचं असतं. एव्हरोलिमस किंवा सिरोलिमस चालू असेल तर काही आठवडे आधी दुसऱ्या औषधावर नेतात, जखम भरल्यावर परत आणतात. ते आदल्या रात्री आठवून चालत नाही.

ऑपरेशननंतरच्या चिठ्ठीत सर्वांत जास्त दिसणारं औषध म्हणजे डायक्लोफिनॅक. हर्निया म्हटलं की पेन आपोआप तिकडे वळतं. किडनी बदललेल्या माणसाला डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक, केटोरोलॅक यांतलं काही देऊ नये. टॅक्रोलिमस आधीच किडनीच्या रक्तवाहिन्या आवळतं, त्यात हे पडलं की क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, वर चढतं. पॅरासिटामॉल आहे, गरज पडली तर ट्रामाडॉल आहे, जागेवर बधिर करायचं इंजेक्शन आहे. अ‍ॅमिकासिन आणि जेंटामायसिन हीही तशीच, किडनीवर घाव घालणारी. क्लॅरिथ्रोमायसिन किंवा फ्लुकोनॅझोल दिलं तर टॅक्रोलिमसची पातळी भसकन वाढते. रिफाम्पिसिन दिलं तर ती तळाला जाते, आणि टीबी आपल्याकडे काही दुर्मीळ नाही. टॅक्रोलिमसची कंपनी बदलली तरी पातळी परत तपासावी लागते. ‘तेच औषध आहे हो, स्वस्त आहे’ असं म्हणून बदलून देणारे माझेच व्यवसायबंधू आहेत, त्यांच्याबद्दल वेगळं पत्र लिहावं लागेल.

एकदा एक माणूस पोटदुखीची चिठ्ठी घेऊन आला. चिठ्ठीत डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन. औषधं काढताना सहज विचारलं, रोजची काय चालू आहेत? त्याने पिशवीतून मायकोफिनोलेटची पट्टी काढली. मी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी लगेच बदलून दिलं, रागावले नाहीत. चिठ्ठी लिहिताना त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. पेशंटला वाटलं, किडनी बदलली ती गोष्ट जुनी झाली, पोटदुखीशी तिचा काय संबंध. तेव्हा तुम्ही विचारा. शर्ट वर केल्यावर व्रण दिसतोच.

याच पोटदुखीतला दुसरा धोका तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. हर्नियात आतडं अडकून रक्तपुरवठा तुटला तर साधा माणूस ओरडतो, ताप येतो, पोट दगडासारखं होतं. स्टिरॉइडवरचा माणूस नुसता ‘बरं वाटत नाही’ म्हणतो. ताप नसतो, पोट तितकं कडक लागत नाही, आणि आत आतडं काळं पडत असतं. पट्ट्यावर दिवस काढणाऱ्या पेशंटच्या बाबतीत मला खरी भीती याची वाटते. पट्ट्याने फुगवटा झाकतो. भोक बुजत नाही.

अशा वेळी मात्र माझं म्हणणं उलट आहे. आतडं अडकलं असेल आणि तुमच्याकडे थिएटर, भूलतज्ज्ञ आणि रक्त असेल तर पेशंटला पुण्याला धाडू नका. मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर करत ती गाडी जाईपर्यंत आतडं जातं. तिथे दुर्बिणीचा आग्रह नको, महागड्या जाळीचा नको. उघडा, आतडं वाचवा, सडलेलं काढा, पोट बंद करा आणि एकाला हात धुऊन टेबलावर यायला सांगून दुसऱ्याला नेफ्रॉलॉजिस्टला फोन लावायला सांगा. राहिलेली दुरुस्ती पुढे सावकाश होईल.

तातडी नसेल तेव्हा काय करायचं, ते आमच्या पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं तेच लिहिते. प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत औषधांचे डोस जास्त असतात, तेव्हा शक्यतो थांबायचं. डोस खाली आले, क्रिएटिनिन स्थिर झालं, साखर आटोक्यात आली, वजन उतरलं, तंबाखू आणि मिश्री सुटली, की करून टाकायचं. यजमानांची मिश्री सुटायला किडनी जाण्यापेक्षा जास्त वेळ लागला, पण सुटली. थांबायचं ते तयारीसाठी. पट्टा तेवढ्या काळापुरता ठीक आहे, मी तो विकतेही. पण चिठ्ठीवर नुसता ‘अ‍ॅब्डॉमिनल बेल्ट’ लिहून पेशंटला पुढची तारीख, पुढचा डॉक्टर, पुढचं गाव काहीच सांगायचं नाही, याला उपचार म्हणता येणार नाही. हर्नियाचं भोक किती सेंटिमीटर आहे ते आज लिहून ठेवलं तर सहा महिन्यांनी वाढलं की नाही हे तरी कळेल.

पैशाचं थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणासाठी ४.५ लाख रुपयांपर्यंतची तरतूद आहे. म्हणजे सरकार एवढा खर्च करून किडनी बसवतं आणि मग ती किडनी ज्या पोटात आहे त्या पोटाच्या भिंतीचं काय, हा प्रश्न घरच्यांवर येतो. आतड्याला लागून ठेवायची जाळी साधी चालत नाही, आतड्याच्या बाजूने लेप दिलेली लागते आणि ती साध्या पॉलिप्रॉपिलीनच्या जाळीपेक्षा कितीतरी महाग असते. स्नायूच्या थराखाली, पोटाच्या आतल्या पडद्याच्या बाहेर जागा करून दुर्बिणीतूनच साधी जाळी बसवण्याच्या नव्या पद्धती आहेत, त्यात हा खर्च वाचतो. पण जुन्या व्रणाच्या पोटात ते सगळ्यांना जमत नाही. तुम्ही पेशंटला पाठवताना ‘प्रत्यारोपणाचा पेशंट, व्रणाचा हर्निया, दुर्बिणीतून जाळीचा विचार व्हावा’ एवढं स्पष्ट लिहिलंत तर पुढे मंजुरी मागणाऱ्यालाही हातात काहीतरी राहतं. ‘पेन इन अ‍ॅब्डोमेन’ या तीन शब्दांवर काय मंजूर होणार?

लिव्हर देणाऱ्यांबद्दलही एक वाक्य. आपल्या देशात लिव्हर बहुतेक वेळा जिवंत माणसाच्या लिव्हरचा तुकडा असतो आणि देणारी पुष्कळदा घरातली बाई असते. छेद तिच्याही पोटावर मोठा असतो. पेशंटच्या फॉलोअपला ती पिशवी धरून बाहेर बाकावर बसते, तिचा व्रण बघायचं कुणाच्या लक्षात येत नाही. तुमच्याकडे ती दुसऱ्याच कशासाठी आली तर तेवढं बघा.

शेवटी पुण्या-मुंबईच्या प्रत्यारोपण केंद्रांसाठी, कारण सगळा भार तालुक्याच्या सर्जनवर टाकणं अन्यायाचं होईल. तुमच्या फॉलोअपमध्ये क्रिएटिनिन बघतात, औषधाची पातळी बघतात, आणि पेशंट शर्ट न काढता परत येतो. त्याला उभं करून खोकायला सांगायला अर्धं मिनिट लागतं. डिस्चार्ज कार्डावर कुठली वेदनाशामकं चालत नाहीत ते मराठीत छापा. आणि गावचा सर्जन रात्री अकरा वाजता अडकलेला हर्निया समोर ठेवून तुम्हाला फोन करतो तेव्हा त्याला टॅक्रोलिमसचं काय करायचं हे सांगणारा माणूस हवा असतो, अपॉइंटमेंट देणारा नाही. कार्डावर जो नंबर छापला आहे तो एकदा स्वतः, रात्री, लावून बघा.

कळावे,

आपली,
एक किडनीदाती आणि औषधविक्रेती
सोलापूर जिल्हा